कॅटेगरी ५ चं वादळ किनाऱ्याला लागेपर्यंत ३ चं झालं, मग धोका कमी झाला का?

काका, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. लेक-जावई फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहतात, ऑक्टोबर २०२४ ला मिल्टन हरिकेन आलं तेव्हा तुम्ही पुण्यात बसून बातम्या बघत होतात, सोमवारी कॅटेगरी ५, मंगळवारी ४ आणि संध्याकाळी परत ५, बुधवारी किनाऱ्याला लागताना ३, आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "ताकद कमी झाली, आता टेन्शन नाही" असे मेसेज सुरू. तर हा नंबर ठरवतं कोण, कशावरून ठरवतं, आणि किनाऱ्याजवळ आलं की वादळ कमजोर होतंच का, असं तुम्ही विचारलंय.

मी ह्यूस्टनला असतो, गल्फमधल्या (म्हणजे मेक्सिकोच्या आखातातल्या) तेलाच्या प्लॅटफॉर्मवाल्यांना हवामानाचा अंदाज द्यायचं काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे हा नंबर माझ्या पोटापाण्याचा विषय आहे आणि खरं सांगायचं तर माझा त्याच्यावर थोडा रागही आहे. नंबर चुकीचा नसतो, जे मोजायला केलाय ते तो ठीकच मोजतो, पण लोक त्यातून जे समजून घेतात ते त्यात नसतंच.

तर मूळ गोष्ट. हर्बर्ट सॅफिर नावाचा फ्लोरिडातला स्ट्रक्चरल इंजिनिअर, १९६९ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या एका कामात होता, वादळी भागातली स्वस्त घरं वाऱ्यात कशी टिकतील असं काहीतरी, आणि त्यासाठी त्याने वाऱ्याच्या वेगाच्या पाच पायऱ्या पाडल्या, अमुक वेगाला पत्रे उडतात, तमुक वेगाला छप्परच जातं. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा तेव्हाचा प्रमुख रॉबर्ट सिम्पसन, त्याने त्यात प्रेशर आणि समुद्राचं पाणी किती चढेल तो अंदाज जोडला. पायऱ्या आजच्या हिशोबात अशा: ताशी ११९ ते १५३ किमी म्हणजे १, १५४ ते १७७ म्हणजे २, १७८ ते २०८ म्हणजे ३, २०९ ते २५१ म्हणजे ४ आणि २५२ च्या वर सगळं ५. तीन आणि त्यापुढच्यांना मेजर हरिकेन म्हणतात.

पण हा वेग म्हणजे कुठला वेग, इथेच सगळी मेख आहे. पृष्ठभागापासून १० मीटरवरचा, सलग एका मिनिटाची सरासरी, आणि अख्ख्या वादळात जिथे सगळ्यात जास्त असेल तिथला. वादळ पसरलंय चारशे-पाचशे किमी आणि हा कमाल वारा असतो डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत, ज्याला आम्ही आयवॉल म्हणतो, त्यातही बहुतेक वेळा वादळ ज्या दिशेने चाललंय त्याच्या उजव्या हाताच्या एका छोट्या पट्ट्यात. म्हणजे "कॅटेगरी ४ आमच्या गावावरून गेलं" असं म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी खरोखर ४ चा वारा पाहिलेला असतो. २००५ ला कतरिना आलं तेव्हा न्यू ऑर्लिन्स शहराच्या बहुतेक भागात वारा १ किंवा फार तर २ च्या लायकीचा होता. शहर बुडालं ते पूरभिंती फुटल्या म्हणून.

आता मोजतात कसं. अटलांटिक आणि गल्फमध्ये अमेरिकेकडे विमानं आहेत, एअर फोर्स रिझर्व्हचं एक स्क्वाड्रन मिसिसिपीतल्या बिलॉक्सीहून सी-१३० जातीची विमानं थेट वादळात घालतं, आणि नोआची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी समुद्र-हवामान संस्थेची, स्वतःची पी-३ विमानं आहेत. ती साधारण ३ किमी उंचीवरून आयवॉल कापत जातात, तिथला वारा मोजतात आणि त्याच्या ९० टक्के वारा खाली असेल असं धरतात. मधेमधे पॅराशूट लावलेली एक नळी खाली सोडतात, ड्रॉपसोंड, ती पडता पडता प्रेशर, तापमान, वारा रेडिओवर कळवत जाते. शिवाय पंखाखाली एक यंत्र असतं जे समुद्रावर किती फेस झालाय ते मायक्रोवेव्हमधून बघून वाऱ्याचा वेग काढतं. आणि विमान नसेल तेव्हा सॅटेलाइट फोटोवरून, ढगांचा आकार आणि तापमान बघून, ड्वोराक पद्धतीने. आपल्याकडे आयएमडी, म्हणजे भारतीय हवामान खातं, मुख्यत्वे हीच पद्धत वापरते कारण आपल्याकडे अशी नेहमीची विमानं नाहीत.

एवढं सगळं करूनही शेवटी मायामीत बसलेला एक माणूस ही सगळी माहिती समोर ठेवून आकडा ठरवतो, आणि तो आकडा पाच-पाच नॉटच्या टप्प्यात देतात, म्हणजे जवळपास ९ किमीच्या. त्यात दहा-एक टक्के इकडेतिकडे असणारच. त्यामुळे बातम्यांमध्ये "३ वरून ४ झालं" असा जो गाजावाजा होतो तो कधीकधी नुसता एका टप्प्याचा फरक असतो. २०१८ चं मायकल बघा, फ्लोरिडाच्या मेक्सिको बीचला लागलं तेव्हा ताशी २५० किमी म्हणजे कॅटेगरी ४ असं जाहीर झालं, मग सगळा डेटा परत तपासून पुढच्या एप्रिलमध्ये त्याला ५ केलं. १९९२ च्या अँड्र्यूला ५ व्हायला दहा वर्षं लागली, २००२ ला. कतरिनाचं उलटं, लागलं तेव्हा ४ सांगितलं आणि नंतरच्या अहवालात ३ वर आणलं. ज्यांची घरं गेली त्यांना अर्थातच दोन्हीकडे फरक पडला नाही (विम्याच्या वकिलांना पडला असेल).

आता तुमचा खरा प्रश्न, किनाऱ्याजवळ कमी होतंच का. नाही. होतात ती बरीच आहेत, न होणारीही तितकीच ठळक आहेत, आणि तुम्हाला मिल्टनवरून जे वाटलं ते उत्तर गल्फच्या लोकांना वर्षानुवर्षं वाटत आलंय, कारण इथे खरंच मधल्या समुद्रात ५ होऊन किनाऱ्याला ३ झालेली वादळं बऱ्याच वेळा येऊन गेली. २००२ चं लिली तर लुईझियानाच्या तोंडाशी अर्ध्या दिवसात ४ वरून १ वर घसरलं. पण मग हार्वी २०१७, मायकल २०१८, लॉरा २०२०, आयडा २०२१, ही सगळी जमिनीकडे येता येता वाढतच आली. आयडा क्युबा ओलांडताना कॅटेगरी १ होतं आणि दोन दिवसांत लुईझियानाला लागताना ताशी २४० किमीचं पक्कं ४, तेही कतरिनाच्याच तारखेला, २९ ऑगस्टला.

कमी का होतं, तर कारणं साधारण तीन-चार. एक म्हणजे शिअर, वरच्या थरातला वारा आणि खालच्या थरातला वारा वेगळ्या दिशेने किंवा वेगळ्या वेगाने असले की वादळाचा उभा खांब कलतो, वरची उष्णता मधोमध राहत नाही आणि प्रेशर चढायला लागतं. गल्फच्या उत्तरेला, मुख्यतः सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये, जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा जोराच्या वाऱ्याचा पट्टा) दक्षिणेकडे यायला लागतो त्यामुळे हे नेहमीचं. दुसरं, टेक्सास किंवा आतल्या जमिनीवरची कोरडी हवा ओढली जाते. तिसरं पाणी: नुसता पृष्ठभाग २६-२७ अंश असून भागत नाही, गरम पाण्याचा थर किती खोल आहे ते बघावं लागतं, कारण वादळ स्वतःच समुद्र घुसळतं आणि खालचं गार पाणी वर आणतं. गल्फच्या मधोमध कॅरिबियनकडून येणारा लूप करंट आहे, तिथे गरम थर खूप खोल, त्याच्यावरून गेलं की वादळ फोफावतं, कतरिना आणि रीटा दोन्ही तिथूनच गेली होती. तिथून बाहेर पडलं की ती चैन संपते.

आणि चौथं कारण सगळ्यात मजेशीर आणि सगळ्यात फसवं, ते जरा नीट सांगतो. जोरदार वादळात बरेचदा मूळ आयवॉलच्या बाहेर पावसाच्या पट्ट्यांची एक नवी भिंत तयार होते, ती आतल्या भिंतीकडे येणारी दमट हवा अडवते, आतली भिंत उपासमारीने विरते आणि बाहेरची तिची जागा घेते. फुगडी घालताना हात आखडून जवळ आलं की गिरकी वाढते आणि हात लांब केले की मंदावते, तसं डोळा लहान असताना कमाल वारा प्रचंड, आणि नवा डोळा मोठा झाला की कमाल वारा उतरतो. कॅटेगरी खाली येते. पण त्याच वेळी जोराचा वारा आधी ३० किमीपर्यंत होता तो आता ८०-९० किमीपर्यंत पोचलेला असतो. म्हणजे टीव्हीवर "वादळ कमजोर झालं" आणि प्रत्यक्षात जास्त लांबीच्या किनाऱ्यावर जास्त वेळ जोराचा वारा, जास्त समुद्र ढकलला जातोय. नंतर तो नवा डोळा आकसला तर वारा परत वाढतो, तोही आधीपेक्षा मोठ्या अंगाने. मिल्टन सोमवार ते बुधवार वरखाली झालं त्यात याचा वाटा होता आणि शेवटच्या दिवशी शिअर आणि कोरड्या हवेनं बाकीचं केलं, पण जाताजाता वादळ पसरलंच.

वाढतं कसं, तर ही सगळी कारणं उलटी करा: शिअर नाही, खोल गरम पाणी, आतला गाभा लहान आणि घट्ट. २४ तासांत ३० नॉट म्हणजे साधारण ५५ किमीने वारा वाढला तर त्याला रॅपिड इन्टेन्सिफिकेशन म्हणतात. लहान वादळं यात भारी खोडकर, चढतात पटकन आणि उतरतातही पटकन. २००४ चं चार्ली सकाळी कॅटेगरी २ होतं, दुपारी पुंता गोर्डाजवळ लागलं तेव्हा ताशी २४० किमीचं ४, काही तासांत. आणि २०२३ चं ओटिस, मेक्सिकोतलं आकापुल्को, ते तर आमच्या धंद्यातल्या लोकांना अजून झोपेत दिसत असेल. आदल्या दिवशी सकाळी ते हरिकेनसुद्धा नव्हतं, नुसतं ट्रॉपिकल स्टॉर्म, अंदाजाची कॉम्प्युटर मॉडेलं निवांत, दुपारी विमान आत गेलं तर भलतंच काही चाललेलं, आणि मध्यरात्रीनंतर ते कॅटेगरी ५ होऊन शहरावर. लोकांना तयारीला दिवससुद्धा मिळाला नाही. वादळ जाणार कुठे याचा अंदाज गेल्या तीस वर्षांत प्रचंड सुधारलाय, किती जोराचं असेल याचा सुधारतोय पण मागून मागून. म्हणून मी तरी जाहीर आकड्याच्या एक कॅटेगरी वरचं धरूनच चालायला सांगतो, आणि प्लॅटफॉर्मवरची माणसं उतरवायला काही दिवस लागतात त्यामुळे आमच्याकडे "थांबू, कमी होतंय का बघू" ही चैनच नसते.

आता पाणी. अमेरिकेत १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अशा वादळांत थेट जे मेले त्यांच्यातले दहापैकी जवळपास नऊ पाण्याने, निम्मे एकट्या सर्जने, म्हणजे किनाऱ्यावर चढून येणाऱ्या समुद्राच्या पाण्याने, आणि बाकी मुख्यतः पावसाच्या पुराने. वाऱ्याने थेट मरणारे फार थोडे. आणि कॅटेगरी तर फक्त वारा सांगते! जुन्या तक्त्यात प्रत्येक नंबरासमोर पाण्याची उंचीही छापलेली असायची, ३ ला ९ ते १२ फूट, ४ ला १३ ते १८ फूट वगैरे. मग कतरिना ३ असून मिसिसिपीच्या पास क्रिस्चनला २८ फुटांच्या आसपास पाणी आलं. २००८ ला आइक, फक्त कॅटेगरी २, इथे आमच्या गॅल्व्हस्टनजवळ बोलिव्हर द्वीपकल्पावर १५ ते २० फूट, घरंच्या घरं नाहीशी. आणि चार्ली ४ असून ६-७ फूट. तक्त्याशी काही मेळच बसेना, शेवटी २०१० ला पाणी आणि प्रेशर दोन्ही त्या स्केलमधून काढून टाकलं आणि नावातच "विंड" घातलं.

असं का होतं, तर सर्ज म्हणजे वाऱ्याने ढकललेलं पाणी. लोकांना वाटतं कमी प्रेशरने समुद्र फुगतो, तो फुगतो पण एका मिलीबारला एक सेंटिमीटर, म्हणजे फार फार तर मीटरभर. बाकी सगळं वाऱ्याचं काम, आणि त्याला जागा लागते, वेळ लागतो. मोठ्या अंगाचं वादळ असेल, किनाऱ्यासमोरचा समुद्र लांबवर उथळ असेल, खाडी आत निमुळती होत गेली असेल तर पाणी साठत जातं. आणि एकदा ढकललं गेलेलं पाणी, उठलेल्या लाटा, या वारा शेवटच्या बारा तासांत उतरला म्हणून मागे फिरत नाहीत. कतरिनाने ५ असतानाचा समुद्र सोबत आणला होता आणि अंगाने ते मोठं होतंच. त्याच किनाऱ्याला १९६९ ला कॅमिल येऊन गेलं होतं, खरंखुरं कॅटेगरी ५ पण अंगाने लहान, आणि "कॅमिलमध्ये इथे पाणी आलं नव्हतं" म्हणून कतरिनाच्या वेळी बरेच लोक घरातच थांबले.

तुमच्या टॅम्पाचं उदाहरण तर पुस्तकात घालावं असं आहे. मिल्टनच्या दोनच आठवडे आधी हेलीन आलं, ते लागलं पार उत्तरेला, फ्लोरिडाच्या बिग बेंड नावाच्या किनाऱ्याला कॅटेगरी ४ म्हणून, टॅम्पापासून दीडशे किमीच्या वर लांबून गेलं, पण अंगाने अवाढव्य. टॅम्पा बेच्या किनाऱ्यावर सेंट पीटर्सबर्ग, क्लिअरवॉटरकडे पाण्याची आजवरची सगळ्यात जास्त उंची नोंदली गेली, लोकांच्या घरात ते शिरलं आणि माणसं बुडाली. मग मिल्टन, थेट अंगावर, सरासोटाजवळ सिएस्टा की नावाच्या बेटाला लागलं, म्हणजे टॅम्पाच्या दक्षिणेला. आता वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे डोळ्याच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे. टॅम्पा बेचं पाणी चढायच्या ऐवजी बाहेर ओढलं गेलं, तळ दिसायला लागला. डोळा चाळीस-पन्नास किमी उत्तरेकडून गेला असता तर उलटं झालं असतं आणि तेव्हाही ते कॅटेगरी ३ च असतं. शिवाय सेंट पीटर्सबर्गला १८ इंचांवर पाऊस झाला, आणि सगळ्यात वाईट बातम्या आल्या त्या राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या, पूर्व किनाऱ्यावर वादळ लागायच्या आधीच टोर्नेडोंनी माणसं मारली. हेलीननेही सगळ्यात जास्त बळी घेतले ते कुठे, तर समुद्रापासून शेकडो किमी आत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात, पुराने. तोवर ते हरिकेन राहिलंही नव्हतं.

पावसाचं एक लक्षात ठेवा, तो वाऱ्यावर नाही, वादळ किती सावकाश चाललंय त्यावर ठरतो. २०१८ चं फ्लॉरेन्स समुद्रात ४ होतं, नॉर्थ कॅरोलायनाला लागताना १, आणि मग रेंगाळत बसलं, ३५ इंचांच्या वर पाऊस. हार्वी तर आम्ही ह्यूस्टनला भोगलं, लागलं लांब रॉकपोर्टला, आमच्यापर्यंत आलं ते नुसतं ट्रॉपिकल स्टॉर्म म्हणून, आणि टेक्सासमधल्याच नेडरलँड गावात ६० इंच. पुण्याचा वर्षभराचा पाऊस त्याच्या निम्म्याच्या आसपास असेल.

आपल्याकडच्या आकड्यांशी तुलना करताना मात्र जपून. आयएमडीचे वर्ग वेगळे आहेत, सिव्हिअर, व्हेरी सिव्हिअर, एक्स्ट्रीमली सिव्हिअर, सुपर सायक्लोन, आणि सरासरी एका मिनिटाची नाही तर तीन मिनिटांची, त्यामुळे तेच वादळ आयएमडीच्या आकड्यात थोडं कमी दिसतं. २०२१ च्या तौक्तेला आपले चॅनल अमेरिकन आकडा घेऊन कॅटेगरी सांगत होते आणि खाली पट्टीवर आयएमडीचा वेग, दोन्ही एकाच स्क्रीनवर. आणि "किनाऱ्याजवळ कमी होतंच" हे खरं नाही याला घरचा पुरावा हवा असेल तर ३ जून २०२० चं निसर्ग आठवा, अलिबागच्या दक्षिणेला लागलं तेव्हाच ते सगळ्यात जोरात होतं, ताशी ११०-१२० किमी. अमेरिकन हिशोबात ते फक्त कॅटेगरी १, पण श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागांना विचारा.

तर पुढच्या वेळी काय बघायचं. पहिलं, लेकीला आत्ताच विचारा तिचं घर कुठल्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये आहे, फ्लोरिडात ए, बी, सी असे झोन आहेत आणि ते वाऱ्यावर नाही, पाण्यावर आखलेत. ए मध्ये असेल आणि काउंटीने (तिथल्या जिल्ह्याच्या प्रशासनाने) निघा सांगितलं तर निघायचं, कॅटेगरी २ असो की ५. बऱ्याचदा वीस-तीस किमी आत एखाद्या ओळखीच्यांच्या पक्क्या घरात गेलं तरी भागतं, अटलांटापर्यंत गाडी दामटायची गरज नसते. मोबाइल होममध्ये (उचलून नेता येणाऱ्या हलक्या घरात) राहत असतील तर झोन बघायचाच नाही, निघायचंच.

दुसरं, हरिकेन सेंटरच्या साइटवर सर्जचा वेगळा इशारा असतो, २०१७ पासून सुरू झालाय, त्यात "६ ते ९ फूट" लिहिलं असेल तर ते एरवी कोरड्या असलेल्या जमिनीच्या वर इतकं, समुद्राच्या पातळीच्या वर नाही. हा आकडा कॅटेगरीच्या आधी वाचा. त्याच साइटवरच्या वादळाच्या मार्गाच्या नकाशातला पांढरा शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे, वादळाचं केंद्र साधारण तीनपैकी दोन वेळा त्या पट्ट्यात राहतं एवढंच तो सांगतो. २००४ ला चार्लीची मधली रेघ टॅम्पावर होती, सगळ्यांचे डोळे तिकडे, आणि ते वळून शंभरेक किमी दक्षिणेला पुंता गोर्डात घुसलं, शंकूच्या आतच.

आणि चॅनलपेक्षा त्यांचं "डिस्कशन" नावाचं पान वाचा, अंदाज करणारा माणूस स्वतः लिहितो, शेवटी त्याचं नाव असतं, आपल्याला कशाची खात्री आहे आणि कशाची नाही हे साध्या भाषेत असतं. वादळाच्या सीझनमध्ये ते पुण्याच्या वेळेने दुपारी अडीच, रात्री साडेआठ, मध्यरात्री अडीच आणि सकाळी साडेआठला येतं, इशारे लागले की मधेही दर तीन तासांनी एक छोटं बुलेटिन असतं. मधल्या वेळात सहसा नवीन काही नसतं, चॅनलवाले तेच तेच फिरवत असतात, तेव्हा झोपून घेतलं तरी चालतं.